मोडी वाचता येते, तर बायनरीही वाचता येईल

पेशवे दफ्तरातला मोडी कागद पहिल्यांदा हातात आला की नवशिका अक्षरांना घाबरतो. पण अक्षरे सरावाने बसतात. खरी अडचण ही की लिहिणाऱ्याने लेखणी शक्यतो न उचलता ओळ ओढलेली असते आणि शब्द कुठे संपला हे दाखवलेलेच नसते. 'दिवाकर' हे माणसाचे नाव की 'दिवा कर' ही आज्ञा, ते आजूबाजूच्या मजकुरावरून ठरवायचे. ऱ्हस्व-दीर्घही पाळलेले नसते. म्हणून जाणकार वाचक पहिल्या अक्षरापासून सुरुवात करत नाही. तो आधी मायना शोधतो, मग तारीख, गावाचे नाव, रकमेचा आकडा. एवढे सापडले की मधला अनोळखी मजकूर आपोआप थोडाच उरतो.

सॉफ्टवेअरच्या रिव्हर्स इंजिनिअरिंगला हीच रीत लागते. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम कंपायलरमधून, म्हणजे त्याला यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनातून, गेला की टिप्पण्या जातात, व्हेरिएबलची नावे जातात, कोणता आकडा कोणत्या टाइपचा होता तेही जाते. उरते ती बाइट्सची सलग ओळ, म्हणजेच बायनरी. तिच्यावरून प्रोग्रॅम नेमके काय करतो हे शोधून काढणे म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग. मूळ सोर्स कोड जसाच्या तसा परत मिळत नाही. मिळतो तो अर्थ, आणि बहुतेक कामांना तेवढा पुरतो.

शब्द तोडण्याची अडचण इथेही शब्दशः आहे. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरची एक सूचना १ ते १५ बाइट्सपर्यंत कितीही लांब असू शकते. हेक्समधले (सोळाच्या पटीत मोजणाऱ्या अंकपद्धतीतले) हे पाच बाइट्स पाहा: बी८ ९० ९० ९० सी३. पहिल्या बाइटपासून वाचले तर ही एकच सूचना आहे: ईएएक्स रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या खणात) अमुक आकडा ठेव. एक बाइट सोडून दुसऱ्यापासून वाचले तर त्याच ओळीत चार सूचना निघतात: काही करू नकोस, काही करू नकोस, काही करू नकोस, परत जा. दोन्ही वाचने व्याकरणाने बरोबर आहेत. म्हणून वाचायला कुठून सुरुवात केली, याला इथे फार किंमत आहे.

(या लेखात आज्ञा आणि नावे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची.)

कायद्याचे दोन शब्द

'हे बेकायदा तर नाही ना?' हा प्रश्न घरच्यांकडून हमखास येतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ प्रोग्रॅम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला काही मोकळीक देते. आपला प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी आणि सहज उपलब्ध नसलेली माहिती काढता येते. प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला आहे ते करताना, त्यामागची तत्त्वे समजून घेण्यासाठी त्याचे निरीक्षण आणि चाचणीही करता येते. पण २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडण्याला गुन्हा ठरवते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ लागते, आणि अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने शिरलात तर कलम ६६ही, ज्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे. सॉफ्टवेअरसोबतच्या करारातल्या अटी त्याहून वेगळ्या असू शकतात. शिकताना हा प्रश्न टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम आणि सरावासाठीच बनवलेली कोडी, एवढ्यावरच हात चालवायचा.

याच कौशल्यावर पुण्यात एक उद्योग उभा राहिला आहे. कैलाश आणि संजय काटकर या भावांची क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी कॅल्क्युलेटर-संगणक दुरुस्तीच्या छोट्या कामातून वाढली. व्हायरसवर औषध करायचे तर आधी व्हायरस उघडून वाचावा लागतो. त्याचा सोर्स कोड लिहिणारा काही पोस्टाने पाठवत नाही.

साहित्य

८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो, जुना असला तरी. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) टाकून उबंटू हे लिनक्स बसवा आणि त्याला २ कोअर, ४ जीबी रॅम आणि ३० जीबी डिस्क द्या. उबंटूत बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज घेतले की जीसीसी कंपायलर येतो. जीडीबी डिबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत पाहू देणारे साधन, वेगळा घ्यायचा. ऑब्जडम्प (बाइट्सच्या सूचना करून दाखवणारे), स्ट्रिंग्ज (मजकूर शोधणारे) आणि स्ट्रिप (नावे पुसणारे) ही छोटी साधने कंपायलरसोबतच येतात.

मुख्य साधन म्हणजे गिड्रा: बाइट्सवरून सूचना आणि सी-सारखा मजकूर काढून दाखवणारा प्रोग्रॅम. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने ते स्वतःसाठी बनवले आणि मार्च २०१९ मध्ये सर्वांसाठी फुकट खुले केले. त्याला इन्स्टॉलर नाही. झिप फाइल उलगडायची आणि आतली गिड्रारन ही स्क्रिप्ट चालवायची. अलीकडच्या आवृत्त्यांना जावाची २१ वी आवृत्ती लागते, आणि तीही पूर्ण जेडीके, नुसता जेआरई चालत नाही. 'गिड्रा उघडतच नाही' या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा जुना जावा हेच असते.

मॅकबुक एम-मालिकेचे असेल तर आधीच सावध व्हा. त्यावर कंपाइल केलेला प्रोग्रॅम आर्म या वेगळ्या प्रोसेसर-कुळाच्या भाषेत येतो, त्यामुळे इंटेलसाठी लिहिलेला कुठलाही धडा पडद्याशी जुळत नाही. चूक तुमची नसते, भाषाच वेगळी असते.

साधनांचे दोन कुळांत भाग पडतात आणि तो फरक पहिल्या दिवशीच डोक्यात बसवायला हवा. गिड्रा, ऑब्जडम्प आणि स्ट्रिंग्ज फाइल फक्त वाचतात, चालवत नाहीत. जीडीबी ती खरोखर चालवतो. अनोळखी फाइल गिड्रात उघडणे आणि जीडीबीत 'रन' म्हणणे यात पाटी वाचणे आणि दार उघडणे एवढे अंतर आहे.

किती असेम्ब्ली यायला हवी?

असेम्ब्ली म्हणजे प्रोसेसरच्या सूचना माणसाला वाचता येतील अशा लिहिण्याची भाषा. ती वाटते त्याहून बरीच कमी लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलमध्ये ॲरेमधल्या धन आणि ऋण संख्या मोजण्याचा प्रोग्रॅम होता. तो ज्यांनी जर्नलमध्ये उतरवून न काढता खरोखर समजून लिहिला असेल, त्यांची निम्मी तयारी झालेली आहे. कॉमर्सच्या विद्यार्थ्यालाही ती दोन आठवड्यांत करता येते.

६४-बिट प्रोसेसरात १६ सर्वसाधारण रजिस्टर असतात. आरएएक्स हे पूर्ण ६४ बिटांचे, तर ईएएक्स म्हणजे त्याचाच खालचा ३२ बिटांचा अर्धा. सूचना शेकडो आहेत, पण सुरुवातीला डझनभर पुरतात: मूव्ह, लीआ, ॲड, सब, झॉर, सीएमपी, टेस्ट, जंपची भावंडे, कॉल, रेट, पुश, पॉप. लिनक्सवर फंक्शनला दिलेल्या पहिल्या सहा पूर्णांकी किंवा पॉइंटर किमती आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ या क्रमाने जातात आणि उत्तर आरएएक्समधून येते. हा क्रम आरतीसारखा पाठ हवा. विंडोजचा क्रम वेगळा: आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९. विंडोजचा धडा वाचून लिनक्सची फाइल उघडली की सगळ्या किमती भलत्याच दिसतात. नवशिक्यांचा बराच वेळ इथे वाया जातो.

दुसरा गोंधळ लिपीचा. कॉलेजात असेम्ब्लीचे बाइट्स करणारा नॅसम वापरलेला असतो, म्हणजे इंटेल पद्धत: आधी कुठे ठेवायचे, मग काय ठेवायचे. जीडीबी आणि ऑब्जडम्प मात्र लिनक्सवर एटी अँड टी पद्धतीने दाखवतात. तिथे क्रम उलटा असतो आणि रजिस्टरआधी टक्क्याचे चिन्ह येते. जीडीबीत 'सेट डिसअसेम्ब्ली-फ्लेवर इंटेल' ही ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये कायमची टाकून ठेवा, आणि ऑब्जडम्पला 'एम इंटेल' हा पर्याय द्या.

तुलनेनंतरच्या जंपमध्ये मोडीतला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न पुन्हा भेटतो. ३२ बिटांत सगळे बिट १ असतील तर तो आकडा उणे १ आहे की ४२९४९६७२९५? बाइट्स काहीच सांगत नाहीत. सांगतो तो पुढचा जंप. जेएल किंवा जेजी दिसला तर प्रोग्रॅमर संख्येला चिन्ह आहे असे धरून चालला होता, जेबी किंवा जेए दिसला तर चिन्ह नाही असे धरून. टाइप गेला तरी त्याचा ठसा अशा ठिकाणी उरतो.

पहिला प्रोग्रॅम: सदाशिव पेठेचा पिन

सीमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहा. स्कॅनएफने एक पूर्णांक घ्या. तो ४११०३० असेल तर रोमन लिपीत 'बरोबर' छापा, नसेल तर 'चूक'. (नारायण आणि शनिवार पेठवाल्यांनी रागावू नये, पिन त्यांचाही तोच आहे.) कंपाइल करताना 'ओ-शून्य' आणि 'नो-पाय' हे दोन पर्याय द्या. पहिल्याने कंपायलर हुशारी करत नाही, दुसऱ्याने प्रोग्रॅमचे पत्ते स्थिर राहतात. स्वतःचाच प्रोग्रॅम उघडण्यात कसले शिक्षण, असे वाटेल. पण उत्तर आधीच माहीत असलेले कोडे सोडवतानाच कोणत्या सी-ओळीची कोणती असेम्ब्ली होते हे कळते. मोडी शिकणाराही आधी ज्याचे बाळबोध लिप्यंतर हाताशी आहे तोच कागद घेतो.

आता सोर्स बाजूला ठेवा आणि 'फाइल' ही आज्ञा चालवा. ६४-बिट ईएलएफ, डायनॅमिकली लिंक्ड, नॉट स्ट्रिप्ड असे काहीसे दिसेल. ईएलएफ हा लिनक्सवरच्या प्रोग्रॅम-फाइलचा प्रकार. 'नॉट स्ट्रिप्ड' म्हणजे फंक्शनची नावे अजून शाबूत आहेत. मग 'स्ट्रिंग्ज' चालवा. ती फाइलमधले सलग चार किंवा अधिक वाचनीय अक्षरांचे तुकडे काढून दाखवते. दोन्ही संदेश दिसतील, कंपायलरचे नावही दिसेल. ४११०३० मात्र दिसणार नाही, कारण तो मजकूर म्हणून साठवलेलाच नाही. तो चार बाइट्सचा आकडा आहे.

गिड्रात नवा प्रोजेक्ट करून फाइल आत घ्या, ॲनालाइझ करू का असे विचारल्यावर बाकी काही न बदलता होकार द्या. पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे: मेनपासून (तुमचा सी-प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनपासून) वाचू नका. डिफाइन्ड स्ट्रिंग्जची खिडकी उघडा, 'बरोबर' हा संदेश शोधा आणि त्याला कोण वापरतो ते रेफरन्सेसमधून पाहा. एक उडी मारली की तुम्ही थेट त्या संदेशाला हात घालणाऱ्या ओळीवर पोचता. लाखो सूचनांच्या प्रोग्रॅमातही हीच उडी चालते. दिसणारा संदेश, त्रुटीची सूचना, फाइलचे नाव, वेबपत्ता या सगळ्या म्हणजे कागदावरचा मायना आणि तारीख. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कोंडून खंडणी मागणारा प्रोग्रॅम पसरला तेव्हा त्याला आवर घालणारी गोष्टही अशीच एक खूण होती: प्रोग्रॅमात लिहून ठेवलेला, कोणीही नोंदवून न ठेवलेला वेबपत्ता. तो नोंदवला गेला, प्रोग्रॅमला तिथून उत्तर मिळू लागले आणि तो पुढे न जाता थांबायला लागला.

त्या ओळीच्या वर उजव्या खिडकीत, म्हणजे असेम्ब्लीवरून सी-सारखा मजकूर काढणाऱ्या डिकंपायलरमध्ये, एखादे लोकल व्हेरिएबल ०एक्स६४५९६ या आकड्याशी ताडलेले दिसेल. हा आकडा हेक्समध्ये आहे. ६ गुणिले ६५५३६ म्हणजे ३९३२१६, आणि उरलेल्या ४५९६ची दशमान किंमत १७८१४. बेरीज ४११०३०. पेठ सापडली. तुम्ही प्रिंटएफ लिहिले होते आणि इथे पुट्स दिसतोय? संदेशाच्या शेवटी नवी ओळ असेल आणि बाकी काही भरायचे नसेल, तर जीसीसी परस्पर हा बदल करतो.

डाव्या खिडकीत त्याच ओळीचे बाइट्स दिसतात: ३डी ९६ ४५ ०६ ००. ३डी म्हणजे ईएएक्सशी तुलना. पुढचे चार बाइट्स म्हणजे आपला पिन, पण उलट्या क्रमाने, कारण हा प्रोसेसर आकड्याचा सर्वांत लहान बाइट आधी ठेवतो. फाइलमध्ये एखादा आकडा शोधताना तो सरळ क्रमाने टाकला तर कधीच सापडत नाही, त्याचे कारण हे.

आता अंदाज चालवून पाहायचा. जीडीबीत त्या तुलनेच्या पत्त्यावर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, लावा. पत्त्याआधी तारा टाकायला विसरू नका, नाहीतर जीडीबी त्या आकड्याला फंक्शनचे नाव समजतो. 'रन' करा आणि मुद्दाम ४११००१ टाका. प्रोग्रॅम तुलनेवर थांबेल आणि ईएएक्समध्ये तुमचा आकडा दिसेल. 'एसआय' म्हणून एक सूचना पुढे जा. तुलनेचे उत्तर आता फ्लॅग्ज रजिस्टरच्या झेडएफ बिटात आहे. त्याचे वजन ६४, म्हणजे हेक्समध्ये ४०. दोन्ही संख्या सारख्या असत्या तर तो १ झाला असता. ईफ्लॅग्जमधला तेवढाच बिट झॉरने उलटा करा आणि 'कंटिन्यू' म्हणा. चुकीचा पिन टाकूनही 'बरोबर' छापले जाईल. निर्णय कुठे होतो याबद्दलचा तुमचा अंदाज आता अंदाज उरला नाही.

कायमचा बदल करायचा तर तुलनेनंतरच्या जेएनईचा पहिला बाइट ७५ आहे तो ७४ करायचा, म्हणजे जेई. उडी लांबची असेल तर ०एफ ८५ चे ०एफ ८४. गिड्रात पॅच इन्स्ट्रक्शनने हे होते. एक्स्पोर्ट करताना 'ओरिजिनल फाइल' हा प्रकारच निवडा. नवी फाइल 'परवानगी नाही' म्हणाली तर घाबरू नका, तिला चालवण्याची परवानगी सीएचमॉडने द्यावी लागते, बाकी काही बिघडलेले नसते.

पुढच्या दिवशी आकड्याच्या जागी शब्द घ्या आणि एसटीआरसीएमपीने ताडा. मेनमधल्या त्या कॉलवरच थांबा. आरडीआय आणि आरएसआय यांच्यातले पत्ते मजकूर म्हणून छापले की एकीकडे तुम्ही टाकलेला शब्द आणि दुसरीकडे खरा शब्द समोर येतो. एसटीआरसीएमपी शब्द सारखे असतील तर शून्य देते. शून्य म्हणजे 'नाही' या सवयीने वाचणारा इथे नेमका उलटा निष्कर्ष काढतो.

मराठी पासवर्डची गंमत

त्याच प्रोग्रॅमात पासवर्ड देवनागरीत 'पुणे' असा ठेवून पुन्हा 'स्ट्रिंग्ज' चालवा. शब्द गायब! कुठलीही सुरक्षा वाढलेली नाही. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचे असते. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट्स, आणि त्यातला प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा. 'स्ट्रिंग्ज' मात्र मुळात इंग्रजी अक्षरांपुरतेच पाहते. म्हणून मजकूर नाही असे म्हणण्याआधी बाइट्स शोधा. देवनागरीचा प्रत्येक तुकडा ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू होतो, त्यामुळे हेक्स दर्शकात दर तिसऱ्या बाइटला ई० दिसू लागले की समोर देवनागरी मजकूर असण्याची शक्यता दाट. 'प' म्हणजे ई० ए४ एए. विंडोजच्या फाइल्समध्ये अशीच दुसरी गफलत होते. तिथे बराच मजकूर दोन-दोन बाइट्सच्या अक्षरांत असतो, आणि 'स्ट्रिंग्ज'ला 'ई एल' हा पर्याय दिल्याशिवाय तो दिसत नाही.

कंपायलर हुशारी करू लागला की

आता एखाद्या संख्येच्या अंकांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहा, चिन्हविरहित पूर्णांक घेऊन. त्यात १० ने भागाकार आहे. असेम्ब्लीत भागाकाराची सूचना शोधत बसाल तर सापडणार नाही. तिथे असेल ३४३५९७३८३७ ने गुणाकार आणि मग ३५ बिट उजवीकडे सरकवणे. ही जादू नाही. २ चा ३५ वा घात ३४३५९७३८३६८ आहे. त्याला १० ने भागून वरच्या पूर्णांकाकडे नेले की तोच आकडा येतो. प्रोसेसरला भागाकार गुणाकारापेक्षा बराच महाग पडतो, म्हणून कंपायलर ठरावीक संख्येने होणारा भागाकार गुणाकारात बदलून टाकतो. मध्येच एखादा प्रचंड, अर्थहीन वाटणारा आकडा आणि लगेच उजवा शिफ्ट दिसला, तर गुप्त किल्ली सापडली म्हणून नाचण्याआधी हे तपासा.

तोच प्रोग्रॅम 'ओ-दोन'ने कंपाइल करून दोन्ही गिड्रात शेजारी-शेजारी लावा. लहान फंक्शने बोलावणाऱ्याच्या पोटात विरून गेलेली दिसतील, व्हेरिएबल मेमरीतल्या स्टॅकवर न जाता रजिस्टरमध्येच राहतील, आणि शून्य ठेवण्यासाठी ५ बाइट्सच्या मूव्हऐवजी २ बाइट्सचा झॉर येईल: रजिस्टरची स्वतःशीच झॉर. असे रोज एक, पंधरा-वीस छोटे प्रोग्रॅम करा: इफ, फॉर, स्विच, ॲरे, स्ट्रक्ट, पॉइंटर, स्वतःलाच बोलावणारे फंक्शन. पुस्तकातल्या सूचनांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा यातून जास्त येते. स्विचची उड्यांची तक्ती एकदा स्वतः पाहिली की पुन्हा कधी अडत नाही.

मग 'स्ट्रिप' चालवा. मेन हे नावच जाईल आणि गिड्रात नुसती एफयूएन आणि पत्ता अशी नावे उरतील. मेन शोधायची खूण ठरलेली आहे: प्रोग्रॅमच्या प्रवेशाच्या जागी एलआयबीसीच्या (सीच्या मूळ लायब्ररीच्या) सुरुवातीच्या फंक्शनला बोलावलेले असते, आणि मेनचा पत्ता त्याला पहिली किंमत म्हणून आरडीआयमधून दिलेला असतो. पाठ केलेला क्रम इथे कामी येतो.

पत्ते जुळत नाहीत तेव्हा

'नो-पाय' काढून साधे कंपाइल केले की ही अडचण येतेच. गिड्रा म्हणतो फंक्शन १०११८९ वर आहे, जीडीबी त्याच फंक्शनला ५५५५५५५५५१८९ म्हणतो. दोघेही खरेच बोलत आहेत. असा प्रोग्रॅम कुठेही बसवता येतो. गिड्रा त्याला १००००० पासून बसवतो. जीडीबीखाली पत्त्यांची सरमिसळ बंद असते आणि तो ५५५५५५५५४००० पासून बसतो (सगळे आकडे हेक्समधले). दोन्हीकडे सुरुवात वजा करा, ११८९ हेच अंतर उरते. वाड्यातली खोली तीच, फक्त वाडा दुसऱ्या पेठेत. गिड्राच्या मेमरी मॅप खिडकीतून सुरुवातीचा पत्ता बदलून दोन्ही जुळवून घेता येतात. ही वजाबाकी माहीत नसल्याने चुकीच्या जागी ब्रेकपॉइंट लावून 'प्रोग्रॅम थांबतच नाही' म्हणत संध्याकाळ घालवणारे पुष्कळ असतात.

डिकंपायलरवर किती विश्वास ठेवायचा

चांगल्या लिप्यंतरकारावर ठेवतो तितका. गिड्राचा सी-सारखा मजकूर हा त्याचा तर्क असतो. तो टाइप चुकवतो, स्ट्रक्टच्या भागांना सुटे आकडे समजतो, फंक्शनच्या किमतींची संख्या कमी-जास्त धरतो. 'अनडिफाइन्ड८' असे दिसले तर त्याचा अर्थ एवढाच की आठ बाइट्स आहेत, पुढचे मला माहीत नाही. मजकूर विचित्र वाटला की डावीकडची असेम्ब्ली पाहा, तंटा तिथेच मिटतो.

आणि नावे द्या. व्हेरिएबलवर किंवा फंक्शनवर उभे राहून 'एल' दाबले की नाव बदलते. टाइप बदलायला कंट्रोल-एल, टीप लिहायला अर्धविराम. पहिले नाव चुकले तरी चालते, फक्त खात्री नसेल तर नावात 'बहुधा' असे काही ठेवा. एका फंक्शनला बरोबर नाव मिळाले की त्याला बोलावणारी दहा ठिकाणे एकदम वाचनीय होतात. शेजारी वहीही असू द्या: पत्ता, अंदाज, तो कशाने तपासला. आठ दिवसांनी फाइल पुन्हा उघडल्यावर हिचाच आधार वाटतो.

पुढे कुठे

रोज तासभर दिला तर वरचे सगळे साधारण दीड-दोन महिन्यांत होते. त्यानंतर क्रॅकमी नावाची, उघडण्यासाठीच लिहिलेली कोडी घ्या, सर्वांत सोप्या पातळीची. कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ ही स्पर्धाही नवशिक्यांसाठीच आहे आणि फुकट आहे. एका कोड्यावर दोन तासांहून जास्त अडलात तर उत्तर वाचा, पण दुसऱ्या दिवशी तेच कोडे न बघता सोडवा. खरा मालवेअर इतक्यात नको. पुढे कधी घेतलाच तर व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क बंद, शेअर केलेली फोल्डर बंद, आणि सुरुवातीआधी स्नॅपशॉट (मशीनची आहे ती स्थिती जतन करणे). यातले एकही विसरायचे नाही.

हातात काहीतरी धरून शिकायला आवडत असेल तर बुधवारी किंवा रविवारी पुण्यातल्या जुन्या बाजारात एखादा मोडका राउटर शोधा. आतल्या पट्टीवर ओळीत चार छिद्रे किंवा पिना दिसल्या तर ते बहुधा सीरियल पोर्ट असते: ग्राउंड, पाठवणे, घेणे आणि वीज. आधी मल्टिमीटरने ग्राउंड आणि व्होल्टेज पाहा. ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर लावा, ५ चा नको. विजेची पिन जोडायचीच नाही, राउटर स्वतःच्या विजेवर चालू द्या. पाठवण्याची पिन समोरच्या घेण्याच्या पिनेला जोडायची. वेग ११५२०० ठेवून राउटर चालू करा. अक्षरांऐवजी कचरा आला तर वेग चुकला आहे, ५७६००, ३८४०० आणि ९६०० पाहा. वेग जुळला की सुरुवातीच्या ओळींत बूटलोडरचे (राउटर सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमचे) नाव आणि बऱ्याचदा प्रोसेसरही वाचायला मिळतो. तो मिप्स जातीचा की आर्म जातीचा हे तिथे कळते. नीट नोंदून ठेवा, कारण राउटरमधून काढलेल्या कच्च्या फर्मवेअरला (आत साठवलेल्या प्रोग्रॅमला) ईएलएफसारखे शीर्षक नसते. गिड्रा तुम्हालाच विचारेल की ही कोणती भाषा, आणि मोठा बाइट आधी की लहान. दुसरे उत्तर चुकले तर अख्खी फाइल निरर्थक सूचनांनी भरलेली दिसते. मग फाइल खराब आहे असे समजून टाकून देऊ नका, दुसरा पर्याय निवडून पुन्हा उघडा.